परदेशी मिशनकार्याला जाणाऱ्यांची मानसिक तपासणी: नेमके काय तपासायचे असते?

निवडुंग
विल्यम कॅरी या इंग्रज मिशनऱ्याचे नाव मराठी वाचकाला १८०५ च्या मराठी व्याकरणामुळे आणि १८१० च्या कोशामुळे माहीत असते. बंगालमधील श्रीरामपूरला (आपल्या नगर जिल्ह्यातले ते दुसरे) त्या व्याकरणाचे खिळे जुळवले जात होते, तेव्हा त्याच वसाहतीत कॅरी यांची पत्नी डोरोथी हिला भ्रमिष्ट अवस्थेत खोलीत बंद करून ठेवावे लागत होते. १८०७ साली तिथेच तिचा मृत्यू झाला.

डोरोथीला हिंदुस्थानात यायचेच नव्हते. थोरल्या मुलाला घेऊन नवऱ्याने पुढे जावे, असे तिने आधी सांगितले होते. प्रवास लांबला, कॅरी परत घरी आले, आणि नुकतीच बाळंत झालेली ही बाई बहीण सोबत येणार असेल तर येते म्हणाली. १७९३ च्या जूनमध्ये जहाज सुटले. पुढच्याच वर्षी पाच वर्षांचा पीटर हगवणीने गेला, आणि त्यानंतर नवरा व्यभिचार करतो या संशयाने तिला कायमचे ग्रासले. सोबत आलेले डॉक्टर जॉन थॉमस यांच्या डोक्यावर कर्ज होते आणि त्यांचे मन कधी उफाळत असे, तर कधी पार खचत असे. डिसेंबर १८०० मध्ये त्यांच्या मिशनमधील पहिले धर्मांतरित कृष्ण पाल यांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा थॉमस आनंदाने इतके अनावर झाले की त्यांनाही आवरून ठेवावे लागले. म्हणजे पाठवलेल्या पहिल्या दोन कुटुंबांपैकी दोन्हींत एकेक माणूस कोसळले, आणि कॅरी मात्र शेवटपर्यंत टिकला. चौकशी फक्त जाणाऱ्या नवऱ्यापाशी थांबून चालत नाही.

मी पुण्यात चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. मी ख्रिस्ती नाही. गेली काही वर्षे काही ख्रिस्ती संस्था परदेशी पाठवायच्या उमेदवारांना माझ्याकडे तपासणीसाठी पाठवतात. दोन दिवसांचे काम असते. सविस्तर जीवनवृत्तांत, एमएमपीआय ही व्यक्तिमत्त्व चाचणी, अपुरी वाक्ये पूर्ण करण्याची चाचणी, नवरा-बायकोच्या स्वतंत्र आणि नंतर एकत्र मुलाखती, आणि शेवटी अहवाल.

मला सर्वांत जास्त अडचण एमएमपीआयच्या प्रामाणिकतेच्या पट्ट्यांमुळे येते. हॅथवे आणि मॅकिन्ली यांनी मिनेसोटा विद्यापीठात तयार केलेली ही चाचणी १९४३ मध्ये प्रसिद्ध झाली. १९८९ च्या सुधारित आवृत्तीत ५६७ विधाने आहेत आणि प्रत्येकाला 'बरोबर' किंवा 'चूक' एवढेच उत्तर द्यायचे असते. माणूस स्वतःला आहे त्यापेक्षा चांगला दाखवतो आहे का, हे ओळखण्यासाठी त्यात मुख्यतः दोन पट्ट्या आहेत, 'एल' आणि 'के'. छोट्या छोट्या मानवी दोषांची कबुलीसुद्धा जो देत नाही, त्याचा 'एल' वर चढतो. धर्मसेवेत वाढलेल्या माणसांचे हे गुण सर्वसाधारण लोकांपेक्षा वर असतात, हे या क्षेत्रात जुनेच निरीक्षण आहे. लहानपणापासून राग गिळायला शिकलेला, मनात वाईट विचार येताच प्रार्थनेला बसणारा मुलगा 'मला राग येत नाही' असे लिहितो तेव्हा तो खोटे बोलत असतो, की तसेच जगत असतो? कागद दोघांना एकच गुण देतो. शिवाय मूळ चाचणीत 'सामान्य' कोणाला म्हणायचे हे बरेचसे मिनेसोटाच्या रुग्णालयात रुग्णांना भेटायला आलेल्या लोकांवरून ठरवले गेले होते. धार्मिक श्रद्धेबद्दलची काही विधाने १९८९ मध्ये वगळली गेली, हे चांगले झाले. तरीही नगर किंवा जालन्याच्या ख्रिस्ती मंडळीतून आलेल्या तरुणाचा आलेख वाचताना मला दर वेळी पेन खाली ठेवून विचार करावा लागतो.

दुसरी अडचण मोठी आहे. १९९० च्या दशकात जागतिक इव्हँजेलिकल संघटनेच्या मिशन आयोगाने भारतासह १४ देशांत एक पाहणी केली. दरवर्षी ५.१ टक्के मिशनरी काम सोडून परततात आणि त्यांतील ७१ टक्क्यांचे परतणे टाळता येण्याजोगे होते, असे त्यात आढळले. कारणांच्या यादीत वरच्या बाजूला मुलांचे प्रश्न, मायदेशातून पाठबळ न मिळणे आणि सहकाऱ्यांशी न पटणे ही कारणे होती. मी ज्या आजारांचा शोध घेते, ते कारण त्या यादीत फार खाली येते. मग आपण दोन दिवस नेमके काय तपासतो? संस्थांच्या आतून हा अनुभव घेतलेल्यांचे म्हणणे मला ऐकायचे आहे.

सोपारेकर
निवडुंगताई, धागा आवडला. मी वसईचा कॅथोलिक आहे आणि पाच वर्षे सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेत, काढून बाहेर पडलो आहे, त्यामुळे टेबलाच्या दुसऱ्या बाजूने लिहितो.

उमेदवाराच्या स्वभावाची नोंद ठेवण्याची पद्धत मानसशास्त्राहून बरीच जुनी आहे. येशूसंघीयांमध्ये (जेझुइटांमध्ये) 'इंडीजला', म्हणजे समुद्रापारच्या मिशनकार्याला, 'पाठवा' अशी विनंती करणारी पत्रे थेट रोमला, संघप्रमुखांना लिहिली जात. तिथल्या संग्रहात अशी १४ हजारांहून अधिक पत्रे जपलेली आहेत. पत्रात तळमळ कितीही असली, तरी निर्णयासाठी वरिष्ठांचे मत आणि दर तीन वर्षांनी भरली जाणारी गोपनीय यादी पाहिली जाई. त्या यादीत प्रत्येकाच्या नावापुढे बुद्धी, निर्णयशक्ती, व्यवहारज्ञान, अनुभव आणि शरीरप्रकृतीचा पिंड असे रकाने असत. पिंडाच्या रकान्यात 'पित्तप्रकृती', 'विषण्ण' असे शेरे येत. आमच्या वेळच्या मूल्यमापनाच्या फॉर्ममध्ये आणि त्यात भाषेचाच काय तो फरक होता, असे मला पुष्कळदा वाटते.

आता आमच्या गावचा दाखला. संत गोन्सालो गार्सिया वसईचे, जन्म सोळाव्या शतकाच्या मध्याचा. वडील पोर्तुगीज, आई इथली. ते येशूसंघीयांबरोबर जपानला गेले, जपानी भाषा इतकी आत्मसात केली की धर्मोपदेशक म्हणून तिथे त्यांचे नाव झाले, आणि संघात घ्यावे अशी विनंती त्यांनी वारंवार केली. संघाने घेतले नाही. आईच्या रक्तामुळे, असे आमच्याकडे सांगतात. शेवटी ते मनिलाला गेले, फ्रान्सिस्कन संघात साधे बंधू म्हणून दाखल झाले, पुन्हा जपानला आले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर मारले गेले. १८६२ मध्ये ते संत घोषित झाले, भारतात जन्मलेले पहिले संत. ज्यांनी नाकारले त्यांच्याजवळही निकष होते, आणि ते निकष त्यांना तितकेच शास्त्रशुद्ध वाटत असतील.

असे असले तरी मी तपासणीच्या विरोधात नाही. धर्मसंघात प्रवेश देताना आरोग्य, योग्य स्वभाव आणि परिपक्वता पाहावी, गरज पडल्यास तज्ज्ञांची मदत घ्यावी, असे आमच्या कॅनन कायद्याचे ६४२ वे कलम सांगते आणि त्याच वाक्यात २२० व्या कलमाची, म्हणजे माणसाच्या अब्रूची आणि खासगीपणाची आठवण करून देते. २००८ मध्ये व्हॅटिकनने यावर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली. उमेदवाराची स्पष्ट आणि मुक्त संमती हवी, आणि मानसशास्त्रज्ञ घडण देणाऱ्यांच्या मंडळाचा सदस्य असता कामा नये, या दोन गोष्टी मला त्यात सर्वांत महत्त्वाच्या वाटतात. तपासणारा आणि निवडणारा वेगळा असायला हवा.

कापूरवाडी
मी नगरचा आहे. आमच्या घरात तीन पिढ्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत गेल्या, आणि आजोबा प्रचारक होते. या धाग्यातील सूर मला थोडा खटकतो आहे, म्हणून स्पष्ट लिहितो.

पाचारण, म्हणजे देवाचे बोलावणे, ही नोकरी नाही. ते माणसाला होते, त्याची अर्जावर छाननी करता येत नाही. ज्यांना आपण आज मोठे म्हणतो त्यांतील कितीजण या दोन दिवसांच्या चाचणीतून पार पडले असते, याचा विचार करावा. ब्रह्मदेशात गेलेले अ‍ॅडोनिराम जडसन यांनी पत्नी आणि मूल गेल्यावर रानात झोपडी बांधली, स्वतःसाठी कबर खणली आणि तिच्या काठावर बसून राहिले. त्याच माणसाने पुढे १८३४ मध्ये बायबलचे बर्मी भाषांतर पूर्ण केले. पुढे आफ्रिकेत गेलेले लिव्हिंगस्टन पहिल्या प्रवचनाला उभे राहिले, पाठ केलेले सारे विसरले आणि सभागृहातून निघून गेले, आणि त्यांच्या शिक्षकांचा अहवाल इतका निराशाजनक होता की लंडन मिशनरी सोसायटीने त्यांना जवळजवळ घरी पाठवले होते.

आणि आमच्या सिंथिया फरार. अविवाहित बाईला एकटीला समुद्रापार पाठवणे हेच बोस्टनच्या मंडळाला अवघड वाटत होते, तरी त्या १८२७ मध्ये मुंबईला आल्या, पुढे नगरला आल्या आणि १८६२ मध्ये इथेच गेल्या. त्यांची नगरची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले यांना पुण्यात शाळा काढण्याची उमेद आली आणि सावित्रीबाईंनी त्यांच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले, हे सर्वांना माहीत आहे. त्या काळी 'एकाकीपणा सोसण्याची क्षमता' असा रकाना असता, तर मंडळाने त्यात काय भरले असते आणि महाराष्ट्राचे काय झाले असते?

प्रवासी_पक्षी
कापूरवाडी, आपली भावना समजते, पण आपण टिकलेल्यांचीच नावे घेतली आहेत. जे मोडून परत आले त्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही.

मी परिचारिका आहे. पूर्व आफ्रिकेतील एका मिशन रुग्णालयात पाच वर्षे काम करून आले. जाण्यापूर्वी एका संस्थेमार्फत माझी तपासणी झाली होती. संस्थेचे नाव लिहीत नाही. मुलाखतीत मी माझ्या वडिलांच्या नैराश्याबद्दल मोकळेपणाने सांगितले, कारण जे बोलाल ते या खोलीतच राहील असे मला सांगितले होते. दोन आठवड्यांनी निवड समितीच्या बैठकीत माझा पूर्ण अहवाल वाचून दाखवण्यात आला. समितीत आमच्या मंडळीचे पाळकसाहेबही होते. मी गावी पोहोचण्याआधी 'तिच्या बापाच्या डोक्यात बिघाड होता' हे वाक्य गावात पोहोचले होते. वडील त्या वेळी हयात होते.

मला नाकारले, याचे दुःख कधीच विरले. नंतर दुसऱ्या संस्थेने तीच माहिती घेऊन मला पाठवले. त्यांनी फक्त एवढे ठरवून दिले की पहिल्या वर्षी दर महिन्याला एका ठरलेल्या डॉक्टरांशी फोनवर बोलायचे. त्या वेळी मला तो जाच वाटला. दुसऱ्या पावसाळ्यात, एका आठवड्यात चार बाळंतिणी दगावल्या तेव्हा, मी स्वतः ठरलेल्या दिवसाची वाट न पाहता फोन केला.

निवडुंग
प्रवासी_पक्षी, आपल्या बाबतीत जे झाले तो आमच्या व्यवसायाचा गुन्हा आहे, आणि मी तो शब्द मोजून वापरते आहे. भारतात मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ चे २३ वे कलम उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क देते. निवडीसाठी केलेली तपासणी त्याच्या कक्षेत कितपत येते यावर वकील वाद घालतील, पण व्यावसायिक नीतीच्या दृष्टीने त्यात वादाला जागा नाही. अमेरिकेत २००५ मध्ये एका भाडे-विक्री कंपनीविरुद्धच्या दाव्यात संघीय अपील न्यायालयाने एमएमपीआय ही अपंगत्वविषयक कायद्याच्या अर्थाने वैद्यकीय तपासणीच आहे असे ठरवले, त्यामुळे मालकाला ही चाचणी नोकरी देऊ करण्याच्या आधी घेता येत नाही. मी आता संस्थेला दोन पानांपेक्षा मोठा अहवाल देत नाही. त्यात निदान नसते, घरच्यांचा इतिहास नसतो, 'या माणसाला तिथे काय लागेल' एवढेच असते, आणि तो आधी उमेदवार वाचतो. एका संस्थेने या कारणासाठी माझ्याकडे येणे बंद केले.

कापूरवाडी, आपल्या यादीत मी एक नाव घालते. अमेरिकन मिशनरी ई. स्टॅन्ली जोन्स १९०७ मध्ये भारतात आले आणि पहिल्या आठ-नऊ वर्षांतच मानसिकदृष्ट्या इतके कोसळले की त्यांना मायदेशी पाठवावे लागले. परत आले आणि पुन्हा कोसळले. त्यानंतर मात्र अर्ध्या शतकाहून अधिक काळ त्यांनी काम केले. आपल्या युक्तिवादाला हे बळ देणारे आहे. पण याच माणसाने १९५० मध्ये लखनौला नूर मंझिल हे मानसोपचार केंद्र काढले, हेही त्याच गोष्टीचा भाग आहे. पुढे त्याच केंद्राच्या प्रमुख राहिलेल्या मार्जरी फॉइल या इंग्रज डॉक्टर आयुष्यभर मिशनऱ्यांच्या मानसिक ताणावर काम करत राहिल्या. जोन्स यांच्यावरून मी असा निष्कर्ष काढते की पूर्वी कोसळलेला माणूस पुन्हा कोसळू शकतो, आणि तरीही तोच माणूस पाठवण्यास योग्य असू शकतो. ही दोन वाक्ये एकाच अहवालात लिहिता आली पाहिजेत. 'पात्र' आणि 'अपात्र' असे दोनच रकाने छापलेल्या फॉर्मवर ती मावत नाहीत.

तर्कवेडा
मी नास्तिक आहे आणि धर्मप्रसाराबद्दल माझी मते तीव्र आहेत, पण धाग्याचा विषय तो नसल्याने ती बाजूला ठेवतो. माझा प्रश्न साधा आहे. या तपासणीने भाकीत करता येते का? १९६१ मध्ये अमेरिकेने पीस कोअर ही स्वयंसेवक परदेशी पाठवणारी सरकारी संस्था सुरू केली, तेव्हा स्वयंसेवकांच्या निवडीत मानसशास्त्रज्ञांचा मोठा वाटा होता. प्रशिक्षणाच्या काळात माणसांवर नजर ठेवली जाई आणि मधूनच कोणालातरी घरी पाठवले जाई. घानाला गेलेल्या पहिल्या शिक्षक-तुकडीचा एम. ब्रूस्टर स्मिथ यांनी नंतर अभ्यास केला. मनोविकारतज्ज्ञांनी मुलाखतींवरून केलेले अंदाज आणि त्या शिक्षकांनी प्रत्यक्ष वर्गात केलेले काम यांचा जवळजवळ काहीही मेळ बसला नाही. देव मानणाऱ्यांच्या बाबतीत तो अधिक चांगला बसेल असे मानायला मला कारण दिसत नाही.

निवडुंग
मेळ बसत नाही हे मला मान्य आहे, आणि त्याचे एक कारण आमच्या पद्धतीतच आहे. ज्यांना आपण नाकारतो ते जातच नाहीत, त्यामुळे आपले नकार बरोबर होते की चूक, हे कधीच कळत नाही. जे जातात ते सगळे आधीच बऱ्यापैकी स्थिर असतात, आणि स्थिर माणसांत कोण अधिक चांगला शिक्षक होईल हे मनोविकार शोधणाऱ्या साधनाला सांगता येत नाही. ते काम त्या साधनाचे नाहीच. तीव्र मनोविकार, व्यसन, मुलांच्या सुरक्षिततेला धोका अशा मोजक्या गोष्टींसाठी मी गाळणी वापरते, आणि तिथे नकार द्यायला कचरत नाही. बाकी सगळ्यासाठी तीच माहिती पाठवणीची तयारी म्हणून वापरावी, असे माझे मत बनले आहे. प्रवासी_पक्षी यांचा महिन्याचा फोन हे माझ्या लेखी त्या तपासणीचे खरे फलित होते. तो फोन ठरवून देणाऱ्या संस्थेने भाकीत केले नव्हते, तरतूद केली होती.

भाषेबद्दलही लिहायचे राहिले. बहुतेक संस्था चाचणी इंग्रजीत घेतात, कारण उमेदवाराला इंग्रजी येते. पण मराठी माणूस 'मला उदास वाटते' असे क्वचित म्हणतो. 'जीव लागत नाही', 'कशातच राम वाटत नाही', 'छातीत धडधडतं', 'डोकं जड झालंय' असे म्हणतो. इंग्रजी विधानाला त्याने 'चूक' असे उत्तर दिले की आलेख स्वच्छ येतो. मराठीत अर्धा तास बोलले की तोच माणूस सांगतो की मामा गेल्यापासून तीन महिने जेवण जात नव्हते.

सोपारेकर
हे अगदी खरे आहे. सेमिनरीत मला इंग्रजीत विचारले होते की 'तुला एकटेपणा जाणवतो का?' मी 'नाही' म्हणालो, आणि ते मला खरे वाटले होते. घरी आल्यावर आईने आमच्या बोलीत विचारले, तेव्हा रडू आले.

कापूरवाडी
निवडुंगताई, 'तरतूद' या शब्दाशी मी सहमत होऊ शकतो. आजोबांच्या सात बदल्या झाल्या आणि एकदाही आजीला विचारले गेले नाही, हे आमच्या घरात अभिमानाने सांगितले जाते. आता त्या अभिमानाकडे पुन्हा पाहावे लागेल. पण मग डोरोथीबद्दल विचारतो. तुम्ही पत्नीला वेगळे बसवून विचारलेत, तरी ती नवऱ्याच्या पाचारणाविरुद्ध तुमच्यापुढे बोलेल का? आमच्याकडच्या बायका बोलणार नाहीत.

निवडुंग
नाही बोलत. 'तुमची तयारी आहे का?' या प्रश्नाला आजवर एकाही पत्नीने माझ्यासमोर 'नाही' म्हटलेले नाही, म्हणून मी तो विचारणे सोडले. आता मी दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत एकेक कोरा कागद देते आणि तिथे गेल्यावर सहा महिन्यांनी येणाऱ्या एका साध्या मंगळवारचा दिवस तासागणिक लिहायला सांगते.

गेल्या वर्षी एका जोडप्यातील नवऱ्याने पहाटे पाचच्या प्रार्थनेपासून रात्रीच्या अभ्यासवर्गापर्यंत कागद भरून मागची बाजूही वापरली. पत्नीने सकाळी आठला 'मुलांना शाळेत सोडणे' असे लिहिले, त्याखाली दुपारी एकला 'मुलांना आणणे' असे लिहिले, आणि मधली जागा मोकळी सोडली. ती बी.एस्सी. झालेली होती आणि इथे शाळेत गणित शिकवत होती. एमएमपीआयचा तिचा आलेख अगदी निर्दोष होता. मी दोन्ही कागद त्यांच्यासमोर शेजारी शेजारी ठेवले आणि गप्प बसले. नवरा बराच वेळ पाहत राहिला. अहवालात मी एवढेच लिहिले की दोघांनाही तिथल्या भाषेचे सारखे शिक्षण द्यावे, पत्नीच्या कामाची लेखी व्यवस्था होईपर्यंत तिकिटे काढू नयेत. संस्थेने कुरकुर केली, पण मानले. ते ठरल्यापेक्षा आठ महिने उशिरा गेले. त्यांचे दुसरे वर्ष चालू आहे.